छोटा मरीन टँक: पाणी साफ ठेवायचं कसं, पहिल्या बादलीपासून

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा फिश टँक, करायचाय म्हटलं की नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, फिल्टर कुठला घेऊ. दुकानदार पण लगेच मोठा फिल्टर, यूव्ही (जंतू मारणारा दिवा), स्किमर (बुडबुड्यांनी घाण काढणारं मशीन) असं सगळं काउंटरवर मांडतो. फिल्टर लागतोच, पण दोन फुटी टँकमधलं पाणी बहुतेक वेळा आपण जे आत टाकतो त्यानेच बिघडतं, म्हणजे नळाचं पाणी, जास्तीचं खाणं आणि एकदम आणलेले चार-पाच मासे. म्हणून मी मशीनपासून सुरुवात करणार नाहीये, आत काय जातंय तिथून करतो.

आणखी एक, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय म्हणजे साफ आहे असं समजू नका. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया दिसत नाही, त्यातून पुढे होणारं नायट्रेट दिसत नाही, मीठ वाढलेलं दिसत नाही. डोळ्याला दिसेपर्यंत मासा धापा टाकायला लागलेला असतो.

आधी टँक किती मोठा ते

इथे उदाहरणाला २४ × १४ × १४ इंचाचा टँक धरू, आपल्याकडे बहुतेक जण इथूनच सुरू करतात. काठोकाठ भरला तर ७७ लिटर होतो, पण वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा धरली की खरं पाणी साधारण ६० लिटरच राहतं. हा ६० आकडा लिहून ठेवा, औषध असो, मीठ असो, पाणी बदलणं असो, सगळा हिशोब यावरच करायचा. याच्यापेक्षा लहान टँक दिसायला सोपा वाटतो पण नवशिक्याला तोच जास्त त्रास देतो, कारण पाणी कमी म्हणजे चूक पचवायची ताकद कमी. खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नका. पाणी, दगड, काच मिळून वजन शंभर किलोच्या आसपास जातं, तेव्हा कपड्यांच्या कपाटावर तर नकोच.

पाणी कुठलं घ्यायचं

हा भाग नीट वाचा, पुढची निम्मी डोकेदुखी इथेच वाचते.

मुंबईचं नळाचं पाणी तलावांचं, भातसा-वैतरणा-तानसा वगैरे, त्यात क्षार कमी असतात त्यामुळे लोकांना वाटतं डायरेक्ट चालेल. पण त्यात क्लोरीन असतो, आणि सोसायटीच्या टाकीतून जुन्या पाइपमधून येताना अजून काय काय मिसळतं ते वेगळंच. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर विषयच सोडा, त्यात क्षार भरपूर आणि कधी कधी नायट्रेट आधीपासूनच असतं, म्हणजे पाणी बदलून तुम्ही घाणच आत टाकणार.

मग किचनमधला आरओ? तो निदान नळापेक्षा बराच बरा, पण घरगुती आरओमध्ये चवीसाठी मिनरल परत मिसळायची सोय असते त्यामुळे टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ३०, ५०, कधी ८० पण येतो. आपल्याला पाहिजे शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची, नळी लावतात, मरीनवाले लोक त्यालाच आरओ-डीआय म्हणतात. टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतो तो घ्याच, आकडा शून्यावरून वर चढायला लागला की रेझिन संपलं असं समजायचं. ज्यांना हे युनिट घरी बसवायचं नाही त्यांनी दुकानातून डिस्टिल्ड किंवा डीआय पाण्याचे कॅन आणावेत, ६० लिटरच्या टँकला ते परवडतं. फक्त घरी आणल्यावर मीटर बुडवून बघा, कॅनवर काय छापलंय त्यावर जाऊ नका.

पाणी साठवायला फूड ग्रेड प्लास्टिकची बादली, ती फक्त टँकसाठी वेगळी ठेवलेली. घरात तांब्याची कळशी किंवा पितळी पातेलं असेल तर ते या कामाला अजिबात वापरू नका. तांबं आपल्याला पिण्याच्या पाण्यात चांगलं म्हणतात पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना अगदी थोडं तांबं पण जीवघेणं असतं. फरशी पुसायची बादली पण नको, फिनेल कितीही धुतलं तरी मला त्याचा भरवसा वाटत नाही.

आता समुद्र दहा मिनिटांवर असताना पाणी विकत कशाला, हा प्रश्न मुंबईत आणि कोकणात हमखास येतो. मुंबईच्या किनाऱ्याचं, खाडीचं पाणी नकोच, त्यात सांडपाणी येतं. पावसाळ्यात तर सगळ्याच किनाऱ्याला नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ येऊन मिसळतो, खारटपणा पार खाली येतो. मालवणकडे कोणी हिवाळ्यात होडीने आत जाऊन स्वच्छ पाणी आणत असेल तर ते वापरता येतं, पण ते गाळून, झाकून, अंधारात काही दिवस ठेवून, तपासून मगच. नवीन माणसाने या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे.

मीठ कालवणं

साधं मीठ चालत नाही, आयोडीनवालं नाही आणि मिठागरातलं खडेमीठ पण नाही. लोक म्हणतात ते तर समुद्राचंच की. बरोबर, पण मिठागरात पाणी आटताना आधी जिप्सम वेगळं होतं म्हणजे कॅल्शियम बरंचसं तिथेच जातं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं जे काढून टाकतात. हातात जे येतं ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. मरीन सॉल्ट मिक्समध्ये हे बाकीचे सगळे घटक मोजून घातलेले असतात, त्यालाच पैसे जातात.

माप असं, खारटपणा ३५ पीपीटी (किलोभर खाऱ्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार), म्हणजे २५ अंशाला घनता १.०२६ च्या आसपास. ब्रँडप्रमाणे लिटरला ३५ ते ३९ ग्रॅम लागतं. किचनच्या वजनकाट्यावर मोजा, चमच्याने नको कारण मीठ दमट झालं की चमच्याचं माप चुकतं. आणि मुंबईत ते दमट होतंच, पुडा उघडला की घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून ठेवा.

पाणी आधी, मीठ नंतर. बादलीत पाणी घ्या, छोटा पंप सोडा, मग थोडं थोडं मीठ टाका. उलटं केलं, म्हणजे आधी मीठ आणि त्यावर पाणी, तर सुरुवातीला मिश्रण इतकं कडक होतं की कॅल्शियम पांढरा साका होऊन खाली बसतं आणि परत विरघळत नाही. रात्रभर किंवा निदान पुड्यावर लिहिलंय तेवढा वेळ फिरू द्या, मग रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे थेंब टाकून डोळा लावून खारटपणा बघायच्या यंत्राने, मोजा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या तयार द्रावणाने सेट करायचा, नुसत्या डीआय पाण्याने शून्याला सेट केला तर वरच्या टोकाला फरक येऊ शकतो. प्लास्टिकचा काट्यावाला हायड्रोमीटर स्वस्त असतो पण काट्याला बुडबुडा चिकटला की आकडा चुकतो, मी तरी घेऊ नका म्हणेन.

सगळ्यात पहिल्यांदा टँक रिकामा असताना थेट टँकमध्ये मीठ कालवलं तरी चालतं. एकदा आत जीव आला की कधीच नाही.

सायकल, म्हणजे थांबायचा महिना

पाणी भरलं, वाळू-दगड ठेवले, वेव्हमेकर (टँकमध्ये पाणी फिरवत ठेवणारा पंप) चालू केला. आता मासे? नाही. आता चार ते सहा आठवडे थांबायचं, आणि घरातली पोरं रोज विचारणार नीमो कधी येणार, त्याला इलाज नाही.

होतं काय तर माशाच्या शरीरातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि हे बॅक्टेरिया दगडावर, वाळूवर, फिल्टरच्या मीडियावर (आतल्या सच्छिद्र तुकड्यांवर) वस्ती करतात, पाण्यात फारसे नसतात. ही वस्ती बसायला वेळ लागतो, त्यालाच सायकल म्हणतात. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ च्या गोड्या पाण्याच्या दहा पटींपेक्षा जास्त असतो, म्हणून गोल्डफिशच्या टँकमध्ये जे खपून जातं ते इथे खपत नाही. नायट्राइटचं मात्र उलटं आहे, खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे माशांना त्याचा त्रास गोड्या पाण्यापेक्षा खूप कमी होतो.

करायचं असं, अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) पर्यंत आणा, बाटलीतले बॅक्टेरिया मिळाले तर तेही घाला, आणि दोन-तीन दिवसांनी टेस्ट करत राहा. काही जण सोललेल्या कोळंबीचा तुकडा टाकून ठेवतात, त्यानेही होतं पण वास येतो आणि किती अमोनिया झाला याचा अंदाज राहत नाही. २ पीपीएम घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइट पण शून्य दिसलं की झालं. मध्येच नायट्रेटची टेस्ट करून घाबरू नका, नायट्राइट असताना नायट्रेटचा आकडा फुगलेला दिसतो. शेवटी एकदा मोठं पाणी बदला, निम्मं तरी, मग मासे.

या काळात वाळूवर, काचेवर तपकिरी पावडरसारखा थर येतो, ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ. नवीन टँकला येतातच, आपोआप कमी होतात, काही औषध टाकू नका.

दगडाबद्दल एक सांगून ठेवतो. किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड उचलून आणायचा नाही. सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी-हाजी अलीकडची प्रवाळं नुसती हलवायला सुद्धा २०२० मध्ये वनखात्याची परवानगी लागली होती. तेव्हा कारखान्यात बनवलेला सिरॅमिक किंवा सिमेंटचा ड्राय रॉक घ्या, सच्छिद्र असला की झालं, बॅक्टेरियाला काही फरक पडत नाही.

मासे किती

६० लिटरला दोन क्लाउनफिश आणि तळाशी राहणारा एखादा छोटा गोबी मासा, बस. वर दोन-चार गोगलगायी, एक-दोन हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे). क्लाउनफिश हॅचरीतले मागा, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलंय, आणि हॅचरीतला मासा कोरडं खाणं लगेच खातो म्हणजे पाणी कमी खराब होतं. तो निळा टँग, पिक्चरमधली डोरी, ती दुकानात दोन इंचाची असते पण फुटभर होते, तिचा नाद सोडा. एक मासा आणला की दोन-तीन आठवडे जाऊ द्या मग दुसरा, कारण बॅक्टेरियाची वस्ती पण त्या प्रमाणात वाढायला पाहिजे.

रोजचं काम: आटलेलं पाणी आणि खाणं

पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून रोज जेवढं आटलं तेवढं गोडं पाणी, म्हणजे डीआय पाणी घालायचं, खारं नाही. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत भरा. या टँकमध्ये अर्धा सेंटिमीटर पाणी उतरलं म्हणजे साधारण एक लिटर गेलं. पंखा लावला असेल तर उन्हाळ्यात हे एका दिवसात होतं. चार दिवस कोणी पाणी घातलं नाही तर ६० चे ५६ लिटर होतात आणि ३५ चा खारटपणा ३७.५ वर जातो, आणि मग पाचव्या दिवशी आपण एकदम चार लिटर ओतून तो परत खाली आणतो. हे वर-खाली होणं माशाला जास्त बाधतं. जमलं तर फ्लोटवाला ऑटो टॉप-अप लावून टाका, छोट्या टँकला स्किमरच्या आधी मी यावर पैसे घालीन.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासे काचेजवळ येऊन भीक मागतात, मागू द्या. फ्रोझन मायसिस किंवा ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारखे बारीक जीव) असेल तर चहाच्या गाळणीत वितळवून डीआय पाण्याने धुवून घ्या, त्या बर्फाच्या पाण्यात फॉस्फेट असतं, जे शेवाळाला खत होतं. आणि खाणं एकाच माणसाने घालायचं हे घरात ठरवून टाका. आजी एकदा, मुलगा एकदा, आणि आपण ऑफिसातून आल्यावर एकदा, असं तीनदा खाणं जाणारे टँक मी पाहिलेत आणि त्यांचे मालक फिल्टर बदलत बसलेले असतात.

आठवड्याचं पाणी बदलणं

दर आठवड्याला १०% म्हणजे आपल्याला ६ लिटर, मीठ साधारण सव्वादोनशे ग्रॅम. आदल्या रात्री कालवून ठेवा. दुसऱ्या दिवशी खारटपणा आणि तापमान टँकशी जुळवा. हीटर आणि पंप बंद करा, हीटर पाण्याबाहेर उघडा राहिला तर तडकतो. काच आतून मॅग्नेटने पुसा, दगडावर छोट्या पंपाने पाणी मारून साचलेली घाण उडवा, आणि मग सायफनच्या नळीने वाळूवरची घाण ओढत ओढत ६ लिटर काढा. नळीला तोंड लावून ओढू नका, हातपंपवाली मिळते. नवीन पाणी हळू ओता. काढलेलं पाणी मोरीत टाका, कुंडीत नको, तुळस एका दिवसात मान टाकेल.

त्याच पाण्यात, म्हणजे काढलेल्या खाऱ्या पाण्यात, फिल्टरचा स्पंज आणि मीडिया हलकेच खंगाळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात आणि महिनाभर थांबून केलेली सायकल परत सुरू. फिल्टरमधला पांढरा कापूस मात्र दर दोन-तीन दिवसांनी सरळ फेकून नवा घालायचा. कापसात अडकलेली घाण पाण्याबाहेर गेलेली नसते, ती तिथेच कुजत असते, केर सोफ्याखाली सारल्यासारखं आहे ते.

आता हिशोबाची गंमत बघा. समजा तुमच्या टँकमध्ये आठवड्याला ४ पीपीएम नायट्रेट तयार होतंय आणि तुम्ही नेमाने १०% पाणी बदलताय. तर ते वाढत वाढत ४० ला जाऊन थांबेल, कारण ४० चे १०% म्हणजे ४, जेवढं बनतं तेवढंच निघतं. २०% बदललं तर २० ला थांबेल. आणि खाणं निम्मं केलं तर १०% बदलूनही २० ला थांबेल, फुकटात. म्हणून कोणी नायट्रेट उतरत नाही म्हणून रडत आला की मी आधी खाण्याचा डबा किती दिवस पुरतो ते विचारतो.

प्रोटीन स्किमर? बारीक बुडबुड्यांना माशांची घाण चिकटते आणि ती कुजायच्या आधीच कपात येते, चांगली गोष्ट आहे. पण ६० लिटरला, दोन मासे आणि नियमित पाणी बदलणं असेल तर नसला तरी चालतो.

टेस्ट काय काय

सुरुवातीला अमोनिया, नायट्राइट. नंतर आठवड्याला नायट्रेट आणि खारटपणा, पंधरा दिवसांनी फॉस्फेट आणि अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरायची पाण्याची ताकद). नुसते मासे असतील तर नायट्रेट २० पीपीएमच्या आत असलं की पुरे, सॉफ्ट प्रवाळं ठेवणार असाल तर २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान. शून्याच्या मागे लागू नका, दोन्ही शून्य झाले की डायनो नावाचं चिकट तपकिरी संकट येतं जे घालवणं फार अवघड. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (हे तिचं माप). टेस्ट किटवरची एक्सपायरी बघून घ्या, दुकानात जुने किट पडून असतात. एक वही करा, तारीख आणि आकडे, एवढंच. एका आकड्यावरून काही कळत नाही, चार आठवड्यांचे बघितले की कळतं गाडी कुठे चाललीय.

हिरवं केसाळ शेवाळ आलं तर फॉस्फेट आणि लाइटचे तास बघा, आठ तास पुष्कळ झाले. लाल-जांभळी बुळबुळीत चादर वाळूवर आली तर ते सायनो, एक प्रकारचे बॅक्टेरिया, सायफनने ओढून काढा, पाण्याचा प्रवाह त्या कोपऱ्यात वाढवा, खाणं कमी करा. औषध शेवटी.

उन्हाळा, लाइट जाणं आणि अगरबत्ती

तापमान २४ ते २७ च्या मध्ये ठेवायचं. मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये पाणी ३१-३२ ला सहज जातं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. पाण्यावर वारा मारणारा क्लिपचा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. पुणे-नागपूरच्या कोरड्या हवेत छान, मुंबईच्या दमट हवेत कमी. मग एसी किंवा चिलर, त्याची तयारी नसेल तर आधीच विचार करा.

लाइट गेली तर माशाला पहिल्यांदा ऑक्सिजन कमी पडतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या किंवा वेव्हमेकर इन्व्हर्टरवर टाका. फिल्टर तीन-चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर चालू करायच्या आधी मीडिया टँकच्या पाण्यात खंगाळून घ्या. टँकची सगळी वायर प्लगच्या खाली झोळ देऊन परत वर न्या म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जात नाही, आणि लाइनला आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, खारं पाणी आहे.

एअर पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो हे विसरू नका. डासांची लिक्विड मशीन, कॉइल, रूम फ्रेशनर, गणपतीतला धूप, हे सगळं त्याच खोलीत असेल तर पाण्यात जातं. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी एअर पंप बंद, टँकवर ओलं जाड फडकं, वेव्हमेकर चालू, आणि नंतर तास-दोन तास खिडक्या उघड्या. ती फवारणी कोळंबी आणि क्रॅबना तर मिनिटांत मारते. हात घालताना साबण, क्रीम धुतलेलं पाहिजे. झोअँथिड जातीची प्रवाळं ठेवलीत तर हातमोजे घाला, त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं, जखम असेल तर हात घालूच नका आणि तो दगड गरम पाण्यात उकळून साफ करायला तर कधीच जाऊ नका.

गावाला जायचं असेल तर

गणपतीला किंवा मे महिन्यात आठ दिवस गावी जाणार असाल तर शेजारच्या काकूंना खाण्याचा डबा देऊन जाऊ नका, डबा फ्रिजच्या मागे लपवा. दिवसाआडचं खाणं चिमूट चिमूट कागदाच्या पुड्यांत बांधून वर वार लिहून द्या, धडधाकट क्लाउनफिशला एक-दोन दिवस उपाशी राहून काही होत नाही. त्यांचं खरं काम पाणी भरण्याचं, तेव्हा डीआय पाण्याचा कॅन टँकशेजारी ठेवा, काचेवरची रेघ दाखवा आणि निघायच्या आधी एकदा त्यांच्याच हाताने भरून घ्या. पाणी निघायच्या तीन-चार दिवस आधी बदला, आदल्या रात्री नको, म्हणजे काही बिनसलंच तर ते तुम्ही घरात असताना कळेल. आणि निघताना नवीन मासा, नवीन फिल्टर, नवीन लाइट, यातलं काहीही लावून जाऊ नका.